आधी उतरण बांधा

१२ एप्रिल
प्रोसेक, नेब्रास्का

स्टॅन भावजी,

पाकिटावर माझं नाव पाहून ते केरात टाकायच्या आधी एवढं वाचा. दोनदा फोन केला, दोन्ही वेळा तुम्ही माझा आवाज ऐकून ठेवून दिलात. पत्राला तसं करता येत नाही, म्हणून हे पत्र.

तुमच्या भावाविषयी मी एक शब्द लिहिणार नाही. तुम्हीही लिहू नका. मला फक्त मातीचं विचारायचंय. रिमोटच्या ट्रकसाठी उडी कशी बांधतात?

हसून घ्या. जिनं आयुष्यभर तुम्हा दोघांच्या ट्रकांना चाकं लावलेले पावाचे डबे म्हटलं, जिच्या ओट्यावर बॅटऱ्या चार्ज करायला ठेवल्या म्हणून एका थँक्सगिव्हिंगला तुम्हाला आणि लूमिरला बाहेर पोर्चवर बसून टर्की खावी लागली, तिला आता मातीच्या उड्या बांधायची हौस आलीय. चर्चच्या मुलांची उन्हाळी सहल यंदा आमच्याकडे आहे. कोठारामागचं मैदान त्यांना दाखवावं, दोन-चार ट्रक उडवू द्यावेत, असा विचार आहे. तुम्ही गेल्यापासून तिथं कोणी फिरकलेलं नाही. गवत गुडघ्याला लागतंय. मोठ्या उडीचा नुसता उंचवटा उरलाय आणि त्यात कसल्यातरी प्राण्यानं बीळ केलंय. ड्रायव्हर रिमोट घेऊन उभे राहतात ते मचाण मात्र उभं आहे. तुमचं सुतारकाम चांगलं होतं हे मी तेव्हाही म्हणत होते.

लूमिरला विचारलं असतं, पण त्याला सध्या वेळ नाही. तो बरा आहे.

माझा खांदाही बरा आहे. तुम्ही विचारलं नाहीत, तरी सांगते. तुम्ही दोघांनी तो दिवस आपापल्या सोयीनं लक्षात ठेवलाय, म्हणून माझ्या बाजूनं एकदा ऐका. तुम्ही मोठी उडी नवी बांधली होती, चढण जरा ताठ केली होती. शर्यतीत लूमिरचा ट्रक तिच्यावरून उडाला तो उतरणीवर न उतरता दोरीपलीकडे आला, आणि तिथं मी कॉफीचा कप घेऊन उभी होते. लूमिर सगळ्यांसमोर तुमच्यावर ओरडला, की तुझ्या उडीनं आज माझ्या बायकोचा जीव घेतला असता. तुम्ही एक शब्द न बोलता सामान गाडीत भरलंत आणि थंडी पडायच्या आत ॲरिझोना गाठलंत. हाड माझं मोडलं, बोलणं तुम्हा दोघांचं बंद झालं. माझं हाड दीड महिन्यात जुळलं. तुमचं सहा वर्षं झाली तरी जुळत नाही. यात मला कोणी काही विचारलंच नाही.

असो. मातीचं तेवढं कळवा.

आर्डिथ

ता. क. ट्रक आहे. तुम्ही जाताना जुना लाल कोठारात विसरलात. की मुद्दाम ठेवलात?


९ मे

स्टॅन भावजी,

तुमचं उत्तर मिळालं. त्याला पत्र म्हणायचं का, ते पोस्टमास्तरला विचारते. "वहिनी, आधी उतरण बांधा. चढण मग. माती चाळून घ्या. स्टॅन." शेजारी एक त्रिकोणासारखं चित्र. कशा आहात नाही, काही नाही. औषधाच्या बाटलीवरसुद्धा याच्यापेक्षा जास्त मजकूर असतो.

आणि तेही उशिरा आलं. तोवर मी चढण बांधून मोकळी झाले होते. मला वाटलं उडी म्हणजे चढण, ट्रक वर गेला की झालं. चांगली गुळगुळीत केली, फावड्यानं चोपली, पाणी मारलं, उन्हात वाळू दिली. मनात म्हटलं, या दोघांनी एवढा बाऊ कशाचा केला होता? मग लाल ट्रक सोडला. वर छान गेला. हवेत असताना मी घाबरून रिमोटच्या चापावरचं बोट काढलं, आणि त्यानं तोंड खाली घातलं ते थेट जमिनीत. पुढचं एक चाक निखळून रुबार्बच्या वाफ्यात गेलं. ते बसवून दुसऱ्या वेळी बोट दाबूनच धरलं, तर तोंड वर करून पाठीवर आपटला. ट्रक हवेत गेला तरी चापाचं ऐकतो, हे मला या वयात कळलं. दाबला की नाक वर, सोडला की नाक खाली.

मग तुमच्या त्या चिटोऱ्याचा अर्थ लागला. चढण कोणीही बांधतं. खाली आलेल्या ट्रकला जमिनीनं कसं झेलायचं, ते आधी ठरवावं लागतं. म्हणून सगळं मोडलं आणि उतरणीपासून सुरुवात केली. लांब, सावकाश उतरत जाणारी. आमच्या चर्चच्या पायऱ्यांवर व्हीलचेअरसाठी केलाय तसा उतार समजा. माती चाळताना तुम्हा दोघांच्या आईची पीठ चाळायची मोठी चाळणी वापरली. तुम्हाला राग आला तर येऊ दे. त्या असत्या तर त्यांनी स्वतः चाळून दिली असती.

आता एक गोष्ट. सहल-बिहल काही नाही. मुलं दरवर्षीसारखी तळ्यावरच जाणार आहेत.

जानेवारीत लूमिरला झटका आला. सकाळी कोंबड्यांना दाणे टाकायला गेला तो अंगणात बसूनच राहिला. उजवा हात आणि उजवा पाय गेला. पायात थोडं आलंय, काठी घेऊन दारापर्यंत येतो. हातात काही नाही. बोलतो नीट. म्हणजे बोलला तर नीट बोलतो. तुम्हाला कळवायचं नाही अशी शपथ घातली होती. मी ती घेतली नव्हती, नुसती मान हलवली होती.

व्यायाम शिकवणारी बाई येते. ती म्हणते, यांना चालावंसं वाटेल असं काहीतरी त्यांच्या मनात यायला हवं. त्याच्या मनात एकच गोष्ट आहे. दिवसभर स्वयंपाकघराच्या खिडकीशी बसून तो मैदानाकडं बघतो. एक दिवस म्हणाला, डेल्बर्टला सांगून लोडर आणू, सपाट करून टाकू, अल्फाल्फाचा चारा पेरू. आपला शेजारी डेल्बर्ट तुम्हाला माहीत आहे, त्याला लोडर चालवायला कारण लागत नाही. मी म्हटलं, पहिली कापणी होऊ दे, मग बघू. आणि दुसऱ्या दिवशी मी फावडं घेतलं.

तो उठून चालायला लागला तर एकाच कारणानं लागेल. मी काहीतरी चुकीचं करतेय आणि ते सांगायला जवळपास दुसरं कोणी नाही. तुम्ही दोघं त्या बाबतीत सारखेच आहात. म्हणून मी खिडकीसमोर बांधतेय.

चढणीच्या वरच्या कडेला किती गोलाई ठेवायची ते कळवा. आणि या वेळी निदान "प्रिय" लिहा.

आर्डिथ


११ जून

भावजी,

आला. बाहेर आला!

कसा, ते नीट सांगते. मी होजनं उतरणीवर पाणी मारत होते. मागं दाराची जाळी वाजली. वळून पाहिलं नाही, कारण पाहिलं असतं तर तो परत आत गेला असता. काठीचा आवाज येत राहिला, थांबला, पुन्हा आला. चांगला वेळ लागला. तोवर उतरणीचा नुसता चिखल झाला.

"पाणी तुषारासारखं मारायचं असतं," तो म्हणाला. "तू आग विझवतेयस."

मी नळी त्याच्या हातात दिली. डाव्या हातानं त्यानं ती धरली, अंगठ्यानं तोंड दाबून फवारा केला. मग उतरणीकडं बराच वेळ बघत राहिला.

"ही कोणी सांगितली?"

"मीच बांधली."

"बांधलीस तू. सांगितली कोणी?"

मला खोटं नीट बोलता येत नाही हे तुम्हाला मागच्याच पत्रात कळलंय.

"इतकी लांब उतरण आख्ख्या राज्यात एकच माणूस देतो," तो म्हणाला. "काल रिमोट हातात धरलेल्याचासुद्धा ट्रक मोडू नये म्हणून. पहिल्यापासून मऊ मनाचा."

तुमच्याविषयी सहा वर्षांत त्याच्या तोंडून निघालेलं हे पहिलं वाक्य. मी ते जपून ठेवणार होते, पण लगेच पुढं म्हणाला, की चढण मात्र बावळटासारखी झालीय, ही चढण स्टॅनची नाही, ही तुझी. मग त्याला बादली उपडी घालून बसायला दिली. तिथून त्यानं मला दुपारपर्यंत असं राबवलं, की शाळेच्या स्वयंपाकघरात तीनशे पोरांचं जेवण रांधताना मी इतकी दमले नव्हते.

तेव्हापासून रोज येतो. व्यायामाच्या बाईला वाटतं तिच्या व्यायामानं फरक पडला. वाटू दे बापडीला.

तुम्ही कडेच्या गोलाईचं जे लिहून पाठवलंत ते मी त्याला वाचून दाखवलं. तुमचं नाव न घेता. तो म्हणाला, "त्याला सांग, ॲरिझोनाच्या वाळूत चालत असेल हे. आपली माती चिकण आहे, ऊन लागलं की कड फुटते." तेव्हा सांगतेय. तुम्ही काय म्हणता ते लिहा, म्हणजे मी त्याला सांगेन. तुम्हा दोघांच्या मधली टपालपेटी व्हायला माझी हरकत नाही, फक्त माझ्या तोंडात शिव्या टाकू नका. गेल्या पत्रात त्याच्या हट्टीपणाबद्दल तुम्ही जे लिहिलंत ते मी वगळून वाचलं.

"प्रिय वहिनी" लिहिलंत, ते पाहिलं.

आर्डिथ


४ ऑगस्ट

भावजी,

एवढे दिवस पत्र नाही, कारण लिहावंसं काही नव्हतं आणि मग एकदम फार झालं.

मैदान जुलैत तयार झालं. डेल्बर्ट आणि ट्रकांच्या क्लबची जुनी मंडळी एकेक करून बघायला यायला लागली. त्यांतल्या एल्मरनं कोलाच्यांची, त्या गोड पावांची टोपली आणली, खसखशीचे, तुमच्या आवडीचे. सगळे म्हणाले, सप्टेंबरातल्या कामगार दिनाच्या आदल्या शनिवारी पूर्वीसारखी शर्यत ठेवू. लूमिर हो म्हणाला नाही, पण नाहीही म्हणाला नाही.

मग एका मंगळवारी त्यानं स्वतः ट्रक चालवायला घेतला. रिमोट डाव्या हातात धरला, डाव्या बोटाखाली चाप, इथवर सगळं ठीक. पण ट्रक वळवायची ती छोटी चाकी उजव्या हातानं फिरवावी लागते, आणि उजवा हात नुसता बाहीत ठेवलेला. ट्रक सरळ गेला आणि कुंपणात शिरला. मी काढून आणला. पुन्हा तेच. तिसऱ्यांदा त्यानं चाकीवर हनुवटी टेकवून बघितली. रिमोट फेकला असता तर मला बरं वाटलं असतं. त्यानं तो मचाणाच्या पायरीवर हळूच ठेवला, आत गेला आणि डेल्बर्टला फोन केला.

दुसऱ्या दिवशी मी बाजार करून परत येते तर लोडर चालू. छोट्या उंचवट्यांची रांग गेली होती. मागचं वळण गेलं होतं, तिथं नुसता मातीचा ढीग. लूमिर काठीनं दाखवत होता आणि डेल्बर्ट ढकलत होता. मी पिशवीसकट जाऊन मोठ्या उडीवर बसले. अंड्यांची पिशवी मांडीवर, समोर लोडर.

डेल्बर्टनं इंजिन बंद केलं. त्यानं माझ्याकडं पाहिलं, लूमिरकडं पाहिलं. "मला तुम्ही दोघांपैकी कोणीही बोलावलं नाही असं समजून मी घरी जातो," असं म्हणून खरंच गेला. लोडर तिथंच सोडून.

लूमिर म्हणाला, "ऊठ."

मी म्हटलं, "नाही. तीन महिने तुला खिडकीतून हलवायला मी इथं माती उपसली. तुझ्यासाठी उपसली, उड्यांसाठी नाही. मला या उड्यांचं काय करायचंय? तू पुन्हा खिडकीत जाऊन बसलास तर मी काय करू, ते सांग आधी."

भावजी, मी आमच्या लग्नात रडले नव्हते. तिथं रडले.

त्यानं काठी मागच्या वळणाकडं केली. म्हणाला, "लाल ट्रक त्या ढिगाखाली आहे."

आता तो ढीग उपसायचं ना त्याच्या अंगात बळ, ना माझ्या. ट्रकचं मागचं टोक तेवढं दिसत होतं. त्यानं रिमोट घेतला, चाप थोडा थोडा दाबायला लागला. चाकं जागच्या जागी फिरली. मी वाकून त्याच्या हातातल्या रिमोटची चाकी धरली, डावीकडं, उजवीकडं, डावीकडं. तो दाबायचा, मी हलवायची. चिखलात रुतलेलं वासरू निघावं तसा ट्रक अंग झटकत बाहेर आला.

आम्ही थांबलोच नाही. ट्रक कुंपणाकडं निघाला, मी वळवला. गेलेल्या वळणावरून, सपाट झालेल्या मातीवरून फिरवून आणला. तो म्हणाला, उशिरा वळवतेस. मी म्हटलं, तू लवकर दाबतोस. शेवटी मोठ्या उडीसमोर आलो, आणि तिथं त्यानं बोट काढलं. ट्रक उभा राहिला.

मग तिथं उभ्या उभ्या त्यानं मला त्या दिवसाबद्दल एक गोष्ट सांगितली. सहा वर्षांत कधी सांगितली नव्हती. ती मी लिहिणार नाही. ती तुम्हाला सांगायची आहे आणि ती त्यानंच सांगायची आहे. एवढंच सांगते, की ती ऐकायला माणसानं ॲरिझोनाहून गाडी हाकत यावं.

शर्यत ठरलीय. डेल्बर्ट लोडर न्यायला आला तेव्हा त्यानं गुपचूप माती ढकलून मागचं वळण परत बांधून दिलं.

आर्डिथ


१९ ऑगस्ट

भावजी,

तुमचं एका ओळीचं पत्र मिळालं. "लूमिरनं बोलावलंय का?"

नाही. मी विचारलं तर म्हणाला, "येणारा येतो."

मी बोलावतेय. हाड माझं होतं. त्याच्यावरून सहा वर्षं भांडलात तुम्ही दोघं, तेव्हा बोलावायचा हक्कही माझाच.

अंथरूण वरच्या खोलीत घालून ठेवते. मांजराला तिथं झोपायची सवय आहे, हाकलू नका.

आर्डिथ


६ सप्टेंबर

स्टॅन भावजी,

तुम्ही काल सकाळी अंधारातच निघालात. मी उठून बघते तर अंथरुणाची घडी आणि मांजर. पोचल्यावर हे पत्र वाट बघत असेल असा हिशेब धरून लिहितेय. शर्यतीच्या दिवशी तुम्ही खाली होतात, आम्ही वर मचाणावर. वर काय चाललं होतं ते तुम्हाला कळायला हवं.

तुमची ती धुळीनं माखलेली गाडी फाटकातून आत आली तेव्हा तुमचा भाऊ कोलाचा खात होता. त्यानं तो तसाच तोंडात धरून ठेवला. तुम्ही मान हलवलीत, त्यानं मान हलवली. दोन बैल कुंपणाच्या दोन बाजूंनी एकमेकांना बघतात तसे दिसत होतात. एल्मर मला म्हणाला, हे बरंच झालं म्हणायचं ना? मी म्हटलं, थांब जरा.

आम्हा दोघांना एका ट्रकवर चालवू द्यायचं का, यावर मंडळींनी बराच काथ्याकूट केला. शेवटी डेल्बर्ट म्हणाला, दोन माणसं एक ट्रक असा नियम नाही, पण एक माणूस एक ट्रक असंही कुठं लिहिलेलं नाही, आणि आर्डिथच्या हातचे कोलाचे खाऊन झाल्यावर हा विषय काढायला मला लाज वाटते.

तुमची शर्यत आधी झाली. मग मला नवी म्हणून एल्मर राखणीचा नियम समजावत होता, की ज्याची शर्यत झाली त्यानं लगेच कॉफी प्यायला जायचं नाही, पुढच्या शर्यतीला मैदानात उभं राहायचं आणि दुसऱ्यांचे उलटलेले ट्रक सरळ करून द्यायचे, मग तो जन्माचा वैरी का असेना. आणि जागा ज्यानं त्यानं निवडायची. तो सांगत होता आणि मी तुमच्याकडं बघत होते. बाकीच्यांनी वळणं धरली. मोठ्या उडीखाली कोणाला उभं राहायचं नव्हतं. तुम्ही सरळ तिथं गेलात. उतरण जिथं संपते, जिथं मी त्या दिवशी कप घेऊन उभी होते, बरोबर तिथं.

लूमिरनंही पाहिलं. त्यानं रिमोट छातीशी ओढून घेतला. मी चाकी धरली होती, मला कळलं.

शर्यत सुरू झाली. तुम्हाला खालून वाटलं असेल की आम्ही म्हातारे आहोत म्हणून हळू चाललोय. तसं नव्हतं. वळणं आम्ही चांगली घेत होतो. पण मोठी उडी आली की तो दर वेळी बोट काढायचा. ट्रक चढणीवर रांगत जायचा, कडेवरून धप्पकन उतरायचा, आणि मागून सगळे आमच्या डोक्यावरून उडून पुढं.

मी दात आवळून म्हटलं, "दाब ना."

"तिथं स्टॅन उभा आहे."

"कुठं उभा आहे ते त्याला माहीत आहे."

पुन्हा फेरी, पुन्हा तेच. आणि तो काहीतरी पुटपुटत होता. आधी वाटलं प्रार्थना करतोय. मग नीट ऐकलं. शाळेतलं पोर कविता पाठ करतं तसं तो एकच वाक्य पाठ करत होता. "उडी बरोबर होती. बोट माझं होतं. उडी बरोबर होती. बोट माझं होतं."

हीच ती गोष्ट. जुलैत त्यानं मला सांगितली होती. त्या दिवशी चढणीपाशीच त्याला कळलं होतं की वेग जास्त आहे. बोट काढायला वेळ होता. पण तुम्ही पुढं होतात आणि धाकट्या भावाच्या मागं राहायचं त्याच्या जिवावर आलं, म्हणून त्यानं चाप सोडला नाही. नंतर मी जमिनीवर पडलेली दिसली, आणि आपलं बोट हे असं करू शकतं हे त्याला कबूल करता येईना. तुमची उडी समोर होती, तिच्यावर ओरडला. जानेवारीत झटका आला तेव्हा त्याला वाटलं ही शिक्षा. पण शिक्षा असती तर ते बोट गेलं असतं ना? उजवा हात गेला आणि तेच बोट तेवढं शाबूत राहिलं. तो मला म्हणाला, "याचा अर्थ काय लावू, आर्डी?" मी म्हटलं, अर्थ पाद्र्याला विचार, तू बोट वापर.

शेवटची फेरी आली. आम्ही सगळ्यांच्या मागं होतो. मैदानात दुसरा ट्रक उरलाच नव्हता, सगळे संपवून आमच्याकडं बघत उभे होते. वळण घेतलं. समोर चढण.

"सरळ धर," तो म्हणाला.

मी दोन्ही हातांनी चाकी धरली. त्यानं चाप दाबला.

भावजी, त्या वेळी मी ट्रककडं पाहिलंच नाही. मी तुमच्याकडं पाहत होते. ट्रक कडेवरून सुटला, उंच गेला, तुमच्या दिशेनं यायला लागला. तुम्ही हात मागं बांधले होते. मी ते पाहिलं. तुम्ही एक पाऊलही मागं सरकला नाहीत. हवेतच लूमिरनं बोट सैल केलं, ट्रकनं नाक थोडं खाली घातलं, आणि तो तुमच्या उतरणीवर असा आला की आवाजसुद्धा झाला नाही. तुमच्या बुटांपासून हातभर अंतरावरून निघून गेला.

मग तो मचाणावरून उतरायला लागला. मी आधार द्यायला गेले तर काठीनं मला बाजूला केलं. प्रत्येक पायरीवर तेच वाक्य पुटपुटत होता. तुमच्यापर्यंत पोचायला त्याला किती वेळ लागला ते तुम्हीच पाहिलंत. तिथं तो काय बोलला ते वरून मला ऐकू आलं नाही, पण ते बोलला असणार, कारण तुम्ही टोपी काढलीत. बाकीची मंडळी पाठ फिरवून कॉफीच्या टेबलाकडं निघून गेली. एल्मर तर डोळे पुसत गेला आणि म्हणाला, धूळ फार आहे.

तुम्ही काय उत्तर दिलंत ते त्यानं मला सांगितलेलं नाही. मीही विचारलं नाही. नंतर तुम्ही दोघं वाकून कडेची माती बोटांनी खरवडत वाद घालायला लागलात, लूमिर काठी हवेत फिरवायला लागला, आणि मला कळलं की आता जेवण वाढलं तरी चालेल.

आता आजचं सांगते. मी टेबलाशी बसून हे लिहितेय. लूमिर खिडकीशी नाही, माझ्या मागं उभा आहे. मघाशी कॉफी घ्यायला आला आणि थांबला. वाचत नाही, चष्मा नाही त्याच्याकडं.

मग म्हणाला, "आर्डी, तो खांदा अजून दुखतो का?"

सहा वर्षांत पहिल्यांदा. मी म्हटलं, "थंडीत दुखतो."

"सांगितलं नाहीस कधी."

"तुम्ही दोघं त्याच्यावरून इतक्या जोरात भांडत होतात, माझं कोणाला ऐकू गेलं असतं?"

तो हसला नाही. त्यानं डावा हात पुढं केला आणि माझ्या गळपट्टीच्या हाडावरून बोट फिरवत गेला, जिथं ते जुळलंय तो उंचवटा सापडेपर्यंत.

"इथं?"

"हो. तिथंच."

त्याचं बोट अजून तिथंच आहे. म्हणून या शेवटच्या ओळी अशा वाकड्या आल्या आहेत.

तुमची वहिनी,
आर्डिथ